१५ बाय ४० च्या घरात पर्दा कसा सांभाळायचा? (घराची भट्टी न करता)

नवीवीट
नागपुरात मोमिनपुऱ्याकडचा प्लॉट आहे, १५ फूट रुंद आणि ४० फूट खोल. १२ फुटी गल्ली पूर्वेला. उत्तर-दक्षिण भिंती शेजाऱ्यांना लागून, मागेही घर. तळमजला आणि वर एक मजला काढायचा आहे. राहणारे सात जण: सासू-सासरे, आम्ही दोघं, अविवाहित दीर, १२ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी. बैठकीत परक्यांचं येणं-जाणं रोजचं, म्हणून पर्दा (घरच्या बायका परक्या पुरुषांच्या नजरेआड राहणं) सांभाळायचा आहे.

हातात आलेल्या नकाशात समोरचं दार उघडलं की नजर थेट स्वयंपाकघरात जाते. मिस्त्री म्हणतात पडदे टाका, काळी काच लावा, गल्लीकडच्या खिडक्या लहान करा. मे महिन्यात अशा घरात बसवणार नाही. कोणत्या गोष्टी नकाशातच सोडवाव्या लागतात आणि कोणत्या नंतर करता येतात? अनुभवी लोकांनी मोजमापासकट सांगावं.

रोशनदान
ताई, आधी काय सांभाळायचं ते ठरलं की भिंती आपोआप ठरतात. कुराणातल्या सूरह नूरच्या २७ आणि २८ व्या आयतीत दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामाशिवाय जायचं नाही, परत जा म्हटलं तर परत जायचं, असं आहे. म्हणजे पाहुणा थांबेल अशी एक जागा हवी, जिथून आतलं दिसत नाही. ५८ वी आयत घराच्या आतली आहे: फज्रच्या (पहाटेच्या नमाजाच्या) आधी, दुपारी कपडे उतरवून पडायच्या वेळी आणि इशानंतर (रात्रीच्या नमाजानंतर), या तीन वेळांना घरातल्या लहान मुलांनीही विचारूनच यायचं. जिथे एका खोलीतून दुसरीत जावं लागतं तिथे हे पाळताच येत नाही. आणि सूरह हुजुरातची १२ वी आयत टेहळणी करू नका म्हणते. ती तुमच्या खिडकीलाही लागू आहे. शेजाऱ्याचं आंगण दिसेल अशी खिडकी काढायची नाही, ही जबाबदारी काढणाऱ्याची.

पर्दा दिरापासूनही असतो, म्हणून घरात अविवाहित दीर असताना जिना कुठून चढतो हा प्रश्न बैठकीपेक्षा मोठा आहे. त्यांना वर जायला स्वयंपाकघरावरून जावं लागू नये.

इटवारीकर
जुन्या अरबी शहरांत दार उघडलं की समोर भिंत, मग वळण, मग चौक. कैरो, ट्युनिस, फेस सगळीकडे हेच. समोरासमोरच्या घरांची दारं एकमेकांच्या तोंडावर काढायची नाहीत, हाही तिकडचा जुना दंडक. तुम्ही पण दारानंतर चार-साडेचार फुटांवर ४ इंची विटेची आडभिंत घ्या आणि वळून आत जा. पर्द्याचा प्रश्नच मिटला.

ओळंबा
इटवारीकर भाऊ, वळण १५ फुटात बसतं, पण त्यातून काय काय न्यायचं आहे ते आधी बघा. जनाज़ा (मृतदेह नेण्याची खाट) साधारण ७ फूट लांब, २ फूट रुंद असतो आणि तो उभा करून नेत नाहीत. दोन्ही बाजू साडेतीन फुटी असलेल्या काटकोनी वळणातून २ फूट रुंदीची वस्तू आडवी नेली तर ५ फूट ११ इंच लांबीपर्यंतच फिरते. दोन्ही बाजू ४ फुटी केल्या तर ७ फूट ३ इंचांपर्यंत. म्हणजे ४ पेक्षा कमी ठेवलंत तर जनाज़ा, पलंगाची फळी, तिजोरी सगळं अडकतं. आणि ४ अधिक ४ असं वळण घेतलं की तुमच्या साडेतेरा फुटी आतल्या रुंदीतून बैठक गेली.

आडभिंत घालायचीच असेल तर विटेची नको, निदान काढता येईल अशी करा: सागाची चौकट, त्यात जाळी, खाली दोन आणि वर दोन टॉवर बोल्ट. पण मला वाटतं या प्लॉटवर वळण नकोच.

गुण्या
ओळंबाशी सहमत. या प्लॉटला दोन दारांचा देवडीसारखा लहान लॉबी-भाग जास्त चालेल. दोन्हीकडे ९ इंची भिंती धरल्या तर आत १३ फूट ६ इंच उरतात. उत्तरेच्या भिंतीलगत ३ फुटी बोळ (पॅसेज) आणि साडेचार इंची भिंत घेतली की खोल्यांना १० फूट दीड इंच मिळतात. चांगल्या खोल्या होतात.

आता गल्लीकडून आत आलात की पहिली ५ फूट लांबी लॉबी. तिला डावीकडे (दक्षिणेला) बैठकीचं दार, समोर बोळाचं दार. बोळाच्या दाराला स्प्रिंगची बिजागरी किंवा वर क्लोजर लावा म्हणजे ते आपोआप मिटतं. बाहेरचं दार उघडं असताना आतलं बंदच असतं, नजर ५ फुटांवर थांबते. जनाज़ा निघताना दोन्ही दारं उघडली की सरळ रेषेत बाहेर, फक्त पुढून-मागून उचलायचा. दोन्ही चौकटी किमान ३ फुटी मोकळ्या ठेवा, त्यासाठी बोळ ३ फूट ६ इंच करा आणि खोल्यांतून ६ इंच द्या.

बाहेरच्या दाराची बिजागरी उजव्या, म्हणजे बोळाच्या बाजूला ठेवा आणि पल्ला आत उघडू द्या. अर्धं दार उघडून बोलताना पल्लाच बोळाची बाजू झाकतो आणि पाहुण्याला बैठकीची बाजू दिसते. सुतार सवयीने उलटं लावतो, म्हणून चौकट बसवतानाच खडूने खूण करून द्या.

महालकरीण
वाचताना जाणवलं की आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांतही देवडी, ओसरी, माजघर अशीच उतरंड होती. परका माणूस ओसरीपर्यंत, नातलग माजघरापर्यंत. चौकात उजेड यायचा आणि बायका त्या उजेडात कामं करायच्या. एकाच हवेतली, एकाच गल्लीतली घरं आहेत, शहाणपण एकमेकांकडून आलेलं असणारच.

रोशनदान
बरोबर आहे. फरक एवढाच, इथे तो फक्त रिवाज नाही, पाळायचा हुकूम आहे. म्हणून तडजोड कुठे होते आणि कुठे नाही हे आधी ठरवावं लागतं. बैठक लहान झाली तर चालते. बैठकीतून नवरा-बायकोच्या खोलीचं दार दिसलं तर चालत नाही.

वाळ्याची_ताटी
कूलरचं कोणी बोललंच नाही बाप्पा! नागपुरात मार्च ते जून कूलरशिवाय घर नाही, आणि पर्द्याचा खरा झगडा तिथेच होते.

कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती हवा बाहेर जायला जागा नसली तर खोलीत दमट कोंडते आणि कूलर चालू असूनही घाम येते. साधा हिशेब: १००० सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट हवा फेकणाऱ्या) कूलरला सुमारे २ चौरस फूट मोकळी जागा बाहेर जायला. ३००० चा कूलर लावला तर ६ चौरस फूट. लोक पर्द्यासाठी सगळ्या खिडक्या बंद करून कूलरला शिव्या देतात.

तोड अशी की बाहेर जाणारी हवा वरून काढा. दाराच्या लिंटेलच्या (दारावरच्या आडव्या तुळईच्या) वर, ७ फुटांच्या पुढे, १ फूट ६ इंच बाय ३ फूट असे रोशनदान (झरोके) दोन घेतले तर ९ चौरस फूट होतात. जाळीनं थोडं कमी होते तरी पुरते. तिथून ना बाहेरून आत दिसत, ना आतून बाहेर. गरम हवा वरच असते, तीच आधी निघते.

कूलर गल्लीच्या खिडकीत लावला तर त्याचं खोकं खिडकी झाकते, म्हणजे उन्हाळ्यात पर्दा आपोआप. पण पाऊस पडला की कूलर काढला आणि खिडकी उघडी पडली. म्हणून खिडकीची उंची कूलरवर नको, माणसाच्या नजरेवर ठरवा.

ओळंबा
उंचीचं गणित देतो. उभ्या माणसाची नजर साधारण ५ फूट ३ ते ५ फूट ७ इंचांवर. जोतं रस्त्यापासून २ फूट आणि खिडकीचा खालचा कठडा आतल्या फरशीपासून ४ फूट घेतला तर तो रस्त्यापासून ६ फुटांवर येतो. चालणाऱ्याला आतलं दिसत नाही, फक्त छत दिसतं.

आपल्याकडे मात्र सिमेंटचा रस्ता झाला की तो जुन्या रस्त्याच्या उंच येतो. ९ इंच वर आला तर तुमचे ६ फूट सव्वापाच होतात आणि खिडकी पुन्हा नजरेत येते, वर पावसाचं पाणी दारात. गल्ली अजून डांबरी असेल तर जोतं किमान ३ फूट धरा. चढ-उतार करायला गल्लीत पायरी काढू नका, ती आत घ्या.

उजेडाचा नियमही सांभाळला जातो. कोरड्या गरम हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश खिडकी हवी. १० बाय १२ ची खोली असेल तर १२ चौरस फूट. ४ फुटांवरून ७ फुटांपर्यंत ३ फूट उंच आणि ४ फूट रुंद अशी खिडकी घेतली की झाले १२.

नवीवीट
@गुण्या, लॉबी पटली. सासरेबुवांना पण पटेल. एक शंका: समोरचं घर तळमजला अधिक एक आहे, गच्चीवर दिवसभर कोणी ना कोणी असतं. आमच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत ते खाली वाकून बघू शकतात. तिथे कठडा उंच करून काय फायदा?

ओळंबा
काहीच फायदा नाही, तिथे वरून झाकावं लागतं. दोन्ही घरांचे मजले सारखे धरले तर त्यांच्या गच्चीवरून थोडं वाकून बघणाऱ्याची नजर तुमच्या पहिल्या मजल्याच्या फरशीपासून सुमारे १५ फूट ६ इंचांवर येते (१० फूट ६ इंच मजला आणि ५ फूट नजर). गल्ली १२ फूट. खिडकीचा माथा ७ फुटांवर असला तर नजर जवळपास १० फूट आत फरशीवर पोचते, म्हणजे अख्खी खोली.

२ फुटी छज्जा काढला तर ती ६ फुटांवर येते. छज्ज्याच्या टोकाला दीड फुटाची पडदी खाली सोडली, आरसीसीत ३ इंच जाडीची, तर फक्त साडेतीन फूट. पलंग खिडकीपासून चार फूट मागे ठेवला की काम झालं, आणि खिडकी सताड उघडी राहू शकते. पूर्वेचं सकाळचं ऊनही सूर्य वर चढला की त्याच पडदीने बरंचसं अडतं. पडदीच्या खालच्या कडेला ठिबकपट्टी (खाच) घ्यायला सांगा, नाहीतर पाणी मागे येऊन भिंत ओली होते. छज्जा आणि पडदीची सळी स्लॅब भरतानाच सोडावी लागते. नंतर लोखंडी पत्रा लावावा लागतो, तो मे महिन्यात तापून खोलीत उष्णता टाकतो.

छज्जा मंजूर नकाशात किती चालतो ते लायसन्सवाल्या इंजिनिअरकडून लिहून घ्या. १२ फुटी गल्लीत छज्ज्यावरून भांडणं होतात.

संत्रानगरी
एवढा खर्च कशाला, खिडकीला आरशासारखी फिल्म लावा. बाहेरून आत दिसत नाही.

रोशनदान
दिवसाच, भाऊ. फिल्म असो की जाळी, जिकडे उजेड कमी तिकडचं दिसत नाही एवढंच त्यामागचं कारण. मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजानंतर) आत दिवा लागला की उलटं होतं: बाहेरच्याला सगळं दिसतं आणि आतल्याला स्वतःचंच प्रतिबिंब. इशानंतरची वेळ तर आयतीतच आली आहे, नेमकी तेव्हाच फिल्म निकामी.

जाळीचं थोडं बरं असतं, कारण तिला जाडी असते. २ इंचाचं छिद्र आणि ३ इंच जाडी असेल तर समोरून सुमारे ३४ अंशांच्या पलीकडे तिरकं बघणाऱ्याला काही दिसत नाही. बाजारात १ फूट बाय १ फूट साच्यातली सिमेंट जाळी मिळते, ती दीड-दोन इंच जाडीची घेऊ नका, नजर सरळ जाते. तरीही रात्री आतून जाड सुती पडदा लागतोच. दांडी खिडकीच्या चौकटीत न लावता ६ इंच वर आणि दोन्हीकडे ६ इंच जास्त घ्या, बाजूच्या फटी उरत नाहीत.

वऱ्हाडी_बाणा
जाळी, पडदी, दोन दारं... आग लागली तर निघाल कुठून? गॅस सिलिंडर स्वयंपाकघरात, ते घराच्या शेवटी, दार एकच. पर्दा सांभाळा, पण एका खिडकीच्या ग्रीलला बिजागरी आणि आतून उघडणारी कडी ठेवाच. कुलूप लावायचं असेल तर चावी भिंतीवर खिडकीपासून हातभर लांब, पोरांच्याही हाताला येईल अशी.

गुण्या
हे शंभर टक्के. वरच्या मजल्याला समोरच्या खिडकीत अशी ग्रील घ्या, मोकळी जागा २ बाय २ फुटांपेक्षा कमी नको. सिलिंडर शाफ्टमध्ये (घराच्या मधल्या, आकाशाला उघड्या जागेत) किंवा बाहेर ठेवून पाइपने आत आणता आलं तर आणखी बरं.

शाफ्टवरून आठवलं. ४० फूट खोलीला दोन्ही बाजू बंद असताना मध्ये आकाशाला उघडी जागा हवीच, निदान ५ बाय ६ फूट. स्वयंपाकघर, मागची खोली आणि न्हाणीघर यांना उजेड तिथूनच. पण जिना शाफ्टला लावला की जिन्यावरून उतरणाऱ्याला खालचं स्वयंपाकघर दिसतं. जिन्याच्या बाजूने शाफ्टला काचेच्या विटा लावा, उजेड येतो, आकार ओळखू येत नाही. जिना लॉबीतूनच वर नेला तर दिराचा प्रश्न सुटतो. सरळ जिना ७ इंच उंची आणि १० इंच पायरीचा धरला तर १८ चढाव, १४ फूट २ इंच लांबी. आतली रुंदी साडेतेरा फूटच आहे, म्हणून तो घराच्या लांबीच्या दिशेनेच बसतो, त्याच्या खाली पाहुण्यांचं संडास येतं.

महालकरीण
शाफ्टमधून आवाज फार फिरतो हं. तळमजल्यावर बोललेलं वरच्या न्हाणीघरात ऐकू येतं.

ओळंबा
हो, आणि नजरेइतकाच आवाजही पर्द्यात येतो. दोन्हीकडून प्लास्टर केलेली साडेचार इंची विटेची भिंत साधारण ४० ते ४५ डेसिबल अडवते, प्लायचं पार्टिशन त्याच्या बरंच खाली. पण भिंत स्लॅबपर्यंत नेली नाही, वर फूटभर मोकळी ठेवली, तर तिचा काही उपयोग नाही. बेडरूमच्या भिंतीत दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवू नका, मधलं भोक आवाज पोचवतं. निदान एक फूट सरकवा. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी. आणि दोन खोल्यांच्या मध्ये कपाटाची भिंत घेतली तर कपड्यांनी आवाज आणखी मरतो.

सबुरी
मुलगा १२, मुलगी ९. दहाव्या वर्षापासून मुलांचे बिछाने वेगळे करा असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आहे. म्हणून आत्ताच दोन जागा ठरवा, नंतर लोखंडी कपाट आडवं टाकून भागवत बसाल. वर १० बाय १४ ची खोली मधोमध स्लॅबपर्यंतच्या भिंतीने दोन १० बाय ७ मध्ये तोडता येते, पण दोन्हीला वेगळं दार बोळातून हवं आणि दोन्हीला रोशनदान हवं. बीम त्या जागी आधीच टाकून घ्या.

नवीवीट
संडासाच्या दिशेबद्दल कोणी सांगेल का? नकाशात सीट पश्चिमेकडे तोंड करून आहे.

रोशनदान
ती आत्ताच बदला. नागपूरहून किब्ला (नमाजाची, मक्केकडची दिशा) जवळपास पश्चिमेला आहे, पश्चिमेच्या सुमारे ८ अंश उत्तरेकडे, कारण मक्का आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी मतात शौचाला बसताना किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ करणं भिंतींच्या आतही मकरूह तहरीमी (जवळजवळ मनाईच) आहे. शाफई या दुसऱ्या मतात बांधीव जागेत सवलत आहे. तुमच्याकडे बहुतेक हनफीच असणार, तर सीट उत्तर-दक्षिण करा. तुमचा प्लॉट पूर्व-पश्चिम लांब आहे, म्हणून सीटची पाठ लांब भिंतीला लावली की आपोआप उत्तर-दक्षिण होते. प्लंबरला हे फरशी भरण्याआधी सांगा, कारण भिंतीपासून निचऱ्याच्या पाइपचं अंतर एकदा ठरलं की सीट फिरवता येत नाही.

वजूची (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याची) जागा संडासाच्या बाहेर, बोळात ३ फूट बाय २ फूट. बसायचा ओटा १५ इंच, नळ फरशीपासून सुमारे २ फूट, खाली उताराची जाळी. सासऱ्यांसाठी भिंतीला धरायला दांडा लावा.

इटवारीकर
एक वेगळा मुद्दा. शेजाऱ्याने उद्या आमच्या आंगणावर खिडकी काढली तर कायदा काय म्हणतो?

कोर्टकचेरी
भारतीय सुखाधिकार (दुसऱ्याच्या जागेबाबतचे उजेड, हवा, वाट असे हक्क) कायदा, १८८२. तो सुरुवातीला ज्या थोड्या प्रांतांना लागू झाला त्यात आपला मध्य प्रांत होता, म्हणजे नागपूरला तो पहिल्यापासून. त्याच्या कलम १८ च्या उदाहरणातच आहे की एखाद्या गावात रूढी असेल तर शेजाऱ्याच्या सहसा नजरेआड असलेल्या भागात डोकावेल अशी नवी खिडकी काढता येत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८८ मध्ये असा रूढीचा हक्क मान्यही केला. अडचण ही की रूढी तुमच्या वस्तीत आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. उजेड-हवेचा हक्क वेगळा, त्याला कलम १५ खाली २० वर्षांचा अखंड उपभोग लागतो. म्हणून बांधण्याआधी शेजाऱ्यासोबत बसून खिडक्यांच्या जागा ठरवा आणि कागदावर सह्या घ्या.

आता भांडणं खिडकीपेक्षा कॅमेऱ्यावरून जास्त होतात. दारावरचा कॅमेरा समोरच्याच्या दारात रोखू नका. लॉबीच्या छतावरून तुमच्याच उंबऱ्याकडे खाली वळवा. डीव्हीआरच्या (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरच्या) सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, समोरची खिडकी चित्रात येत असेल तर तेवढा चौकोन काळा करा.

वाळ्याची_ताटी
गच्चीचं राहिलं. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपतात, दिवसा कुरड्या-शेवया वाळतात. कठडा ५ फूट ६ इंच हवा असेल तर साडेचार इंची वीट नुसती चढवू नका, मे महिन्यातल्या वादळात पडते. दर ६ फुटांवर ९ बाय ९ चा खांब, खाली साडेतीन फूट वीट, वर आरसीसी पट्टा आणि त्यावर २ फूट जाळी. वारा जाळीतून निघून जाते आणि झोपणाऱ्यांना हवा लागते.

नवीवीट
बैठकीतून चहा आत-बाहेर कसा द्यायचा, स्वयंपाकघर तर मागे आहे?

सबुरी
बोळाच्या भिंतीत, बैठकीच्या मागच्या कोपऱ्यात, २ फूट बाय दीड फुटाची खिडकी, कठडा साडेतीन फुटांवर, सरकती फळी. फळी दोन ठेवा, आत एक आणि बाहेर एक, मध्ये ९ इंचाचा कोनाडा. आतून ट्रे ठेवून फळी लावायची, मग बैठकीतून उचलायचा. त्यासाठी तेवढा तुकडा ९ इंची भिंतीचा घ्या. ट्रेचं माप आधी घ्या, मोठा समोशांचा ट्रे आडवा जायला पाहिजे.

गुण्या
ताई, शेवटी क्रम सांगतो, तुमचा पहिला प्रश्न तोच होता. नकाशातच ठरवायचं: लॉबी आणि दोन दारं, जिना लॉबीतून, शाफ्ट, सीटची दिशा, जोत्याची उंची. स्लॅबच्या आधी: छज्जा-पडदीची सळी, मुलांच्या खोलीचा बीम, गच्चीच्या खांबांची सळी. प्लास्टरच्या आधी: रोशनदान, चहाची खिडकी, स्विचबोर्डच्या जागा. पडदे, क्लोजर, कॅमेरा हे नंतर कधीही होतं. जुन्या नकाशावर लाल पेनाने एवढंच मारून इंजिनिअरला परत द्या, आणि पाया आखताना दोरी लावल्यावर बोळाची साडेतीन फूट रुंदी प्लास्टरसकट निघते का ते स्वतः टेपने मोजा. दोन्ही बाजूंचं प्लास्टर मिळून दीड इंच खातं.